डांबराविना टस्कनी

(चाकाच्या अगदी जवळून. आधी खडीचा आवाज, मग निवेदन.)

सव्वादोन इंची टायर चुनखडीच्या बारीक खडीवरून जातो, तेव्हा असा आवाज येतो. पुढचं चाक जरासं सरकतं, पुन्हा पकड घेतं आणि मागे पांढऱ्या धुळीचा लोट उठतो. टायरमध्ये हवा मुद्दाम कमी ठेवली आहे. टणक भरलेला टायर या खडीवर उड्या मारतो. थोडा मऊ असला की दगडावर दबतो आणि सायकल सरळ रेषेत राहते.

हा इटलीतला टस्कनी प्रांत. सिएना शहरातून दक्षिण-पूर्वेला, आशानो गावाच्या दिशेने निघालं की घरं विरळ होतात, झाडं जवळजवळ संपतात आणि हा उघडाबोडका, उंचसखल मुलूख सुरू होतो. त्याचं नाव क्रेते सेनेसी. मे महिना आहे. गहू अजून हिरवा आहे, बांधांवर खसखशीची लाल फुलं आहेत.

(ड्रोन. टेकड्यांच्या धारेवरून जाणारा पांढरा रस्ता.)

वरून पाहिल्यावर सगळ्यात आधी दिसतो तो रस्ता. हिरव्या टेकड्यांच्या बरोबर माथ्यावरून गेलेला, एका शेतघरापासून दुसऱ्या शेतघरापर्यंत. तो माथ्यावरूनच का जातो, याचं उत्तर मातीत आहे. तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेला गाळ म्हणजे ही करडी चिकणमाती. उतारावर ती पावसाळी दिवसांत घसरते, ओघळी पडतात, कडेच कडे सुटून येतात. म्हणून जुन्या माणसांनी घर बांधलं ते माथ्यावर आणि रस्ता नेला तोही धारेवरून. आज सायकलस्वाराला दोन्ही हातांना दऱ्या आणि समोर पुढच्या तीन टेकड्या दिसतात. ही सोय कुणी पर्यटकासाठी केलेली नव्हती.

शेताच्या मधोमध हे पांढरट उंचवटे दिसतात, त्यांना बिआंकाने म्हणतात. मातीत जुन्या समुद्राचे क्षार आहेत. ऊन तापलं की ते पृष्ठभागावर येतात आणि दक्षिणेकडची उघडी बाजू पांढरी पडते. अशा उंचवट्यांनी एके काळी हा सगळा भाग भरलेला होता. गेल्या शतकात यंत्रं आली, उंचवटे सपाट करून गहू पेरला गेला. जे उरलेत ते कॅमेऱ्यात आलेत.

(चढ. मागून घेतलेलं दृश्य, दोन सायकली.)

उंची म्हणाल तर इथे फार नाही. सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील. पण इथे सपाटी म्हणून नसतेच. चढ संपतो तिथेच उतार सुरू होतो आणि उतार संपतो तिथे पुढचा चढ उभा असतो. ले तोल्फे नावाचा एक टप्पा जेमतेम अकराशे मीटरचा आहे, पण त्यातला सगळ्यात खडा तुकडा 18 टक्क्यांचा आहे. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की अठरा मीटर वर. सुट्या खडीवर अशा चढाला उभं राहून पेडल मारता येत नाही. वजन पुढे गेलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसायचं, हँडलवर वाकायचं, सगळ्यात हलका गिअर टाकायचा आणि श्वास मोजत राहायचं. उतारावर उलट. वजन मागे, बोटं ब्रेकवर नुसती टेकलेली. वळणावर बाहेरच्या बाजूला सुटी खडी गोळा झालेली असते. तिथे पुढचा ब्रेक दाबला तर सायकल हातात राहत नाही.

(सायकलच्या चेनचं जवळचं दृश्य.)

चेनवर ही जी पूड बसली आहे, तोच रस्ता. संध्याकाळी ती भुवयांवर, बाटलीच्या तोंडावर, मोज्यांच्या आतसुद्धा सापडते.

आता या रस्त्याची खरी गोष्ट. टस्कनीत कित्येक शतकं शेती निम्म्या वाट्याने चालली. जमीन मालकाची, घरही मालकाचं, राबायचं कुळाच्या कुटुंबाने, आणि आलेल्या धान्याचा, द्राक्षांचा, तेलाचा अर्धा हिस्सा मालकाच्या कोठारात. या पद्धतीला मेत्साद्रिया म्हणत. ड्रोनमधून दिसलेलं प्रत्येक एकटं दगडी घर हे अशा एका कुटुंबाचं घर होतं, आणि घर आलं की त्याला बैलगाडी पोचेल एवढा रस्ता आला. दगड आसपासचाच. तो फोडायचा, पसरायचा, दाबायचा. मधे फुगवटा ठेवायचा, दोन्ही कडांना चर काढायचे, म्हणजे पाणी रस्त्यावर थांबत नाही. आजही काम तेच आहे, फक्त बैलांच्या जागी यंत्र आलं. हिवाळा संपला की पडलेल्या चाकोऱ्या खरवडून सपाट करायच्या, वर नवी खडी टाकायची, रोलर फिरवायचा. एखादं वर्ष चुकलं की चर बुजतात, पाणी मधून वाहू लागतं आणि रस्त्याचा ओढा होतो.

सिएनाच्या नगरपालिकेच्या जुन्या वाड्यात, पालाझ्झो पुब्लिकोत, अम्ब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने 1338-39 साली एक अख्खी भिंत अशा मुलुखाने रंगवली. शहराच्या वेशीतून बाहेर पडणारा रस्ता, ओझी लादलेली जनावरं, मळणी करणारी माणसं. एक शेतकरी डुक्कर हाकत वर येतो आहे. काळं डुक्कर, खांद्यावरून पांढरा पट्टा. तीच पट्ट्याची जात आजही या रानात पाळली जाते. कारभार चांगला असेल तर रस्ते निर्धोक राहतात, एवढं सांगायला ती भिंत रंगवली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण माणसं कारखान्यांकडे गेली, 1964 च्या कायद्याने वाट्याचे नवे करार बंद झाले, घरं ओस पडली आणि पुढे त्यातली कितीतरी बाहेरच्या पैसेवाल्यांनी विकत घेतली.

ओस पडलेल्या भागात डांबर उशिरा पोचतं. म्हणून हे रस्ते वाचले. पण हळूहळू ते इथेही येऊ लागलं, एकेक तुकडा काळा होऊ लागला. तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची नावाच्या, सायकलवेड्या माणसाने एक गोष्ट केली. 1997 साली कियांतीतल्या गायोले गावातून त्यांनी 92 सायकलस्वार या पांढऱ्या रस्त्यांवर सोडले. जुन्या लोखंडी सायकली, लोकरीचे जर्सी, खांद्यावर जादा टायर. नाव दिलं लेरोइका. हौस होतीच, पण हेतू त्याहून मोठा होता. रस्ता वापरात दिसला तर त्यावर डांबर ओतायला कुणाचा हात धजणार नाही. आज जगभरातून हजारो लोक ऑक्टोबरमध्ये तिथे जमतात. सायकल 1987 च्या आधीची हवी, हा नियम अजून पाळला जातो.

(संग्रहातली दृश्यं नाहीत. रस्त्याकडेची दगडी खूण.)

त्याच रस्त्यांवर 2007 पासून व्यावसायिकांची शर्यत होते, स्त्रादे बिआंके, म्हणजे पांढरे रस्ते. आत्ता दिसतो तो टप्पा मोंते सान्ते मारीए, साडेअकरा किलोमीटरचा. ही शर्यत तीनदा जिंकणाऱ्या फाबियान कान्चेलाराचं नाव त्याला दिलं आहे. 2024 साली तादेय पोगाचार याच टप्प्यावर सगळ्यांना मागे टाकून निघाला आणि उरलेले 81 किलोमीटर एकटा गेला. शेवट सिएनात, सान्ता कातेरिना गल्लीचा 16 टक्क्यांचा फरसबंद चढ चढून काम्पोच्या चौकात.

माउंटन बाइकवाल्यांना या रस्त्यांबद्दल आपलेपणा वाटतो त्याला कारण आहे. 2010 च्या जिरो दितालियात, म्हणजे इटलीभर फिरणाऱ्या मोठ्या सायकल शर्यतीत, मोन्ताल्चिनो गावाचा टप्पा याच मातीतून गेला, आणि त्या दिवशी पाऊस लागला. रंगीत जर्सी ओळखू येईनात, सगळे एकाच मातकट रंगाचे. जिंकला कॅडेल एव्हान्स. रस्त्यावरच्या शर्यतींत येण्याआधी 1998 आणि 1999 अशी दोन वर्षं तो माउंटन बाइकचा विश्वचषक जिंकलेला होता. 2023 ची स्त्रादे बिआंके जिंकणारा टॉम पिडकॉक हा तर माउंटन बाइकमधला ऑलिम्पिक विजेता. घसरणाऱ्या चाकाशी झगडा करायचा नसतो, ते सरकू द्यायचं असतं, हे डोंगरातल्या सायकलवाल्याला आधीपासून येतं.

(ओली माती. थांबलेलं चाक.)

खडीचा रस्ता सोडून शेतवाटेला लागलो आणि आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर हे असं होतं. आपल्याकडची काळी रानं पावसात पायाला धरतात, तशी ही माती चाकाला धरते. प्रत्येक फेऱ्यात थर वाढतो, मग चाक फ्रेममध्ये अडकून थांबतं. काडीने माती उकरून काढायची, दहा पावलं ढकलायची, पुन्हा उकरायची. महागातल्या महाग सस्पेन्शनचाही इथे उपयोग नाही.

(पिएन्झा. कारंज्यावर पाणी भरताना.)

मोंते ओलिवेतोचा विटांचा मठ, 1313 साली स्थापन झालेला, सायप्रसच्या दाट रांगांमागे राहिला. बुओन्कोन्वेन्तो गाव मागे पडलं. ऑर्चाच्या खोऱ्यात उतरलो की समोर आमियाता दिसतो, 1738 मीटर उंचीचा, विझलेला ज्वालामुखी. हे खोरं 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. बान्यो विन्योनीत गावच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचं कुंड आहे. पिएन्झा गावात जेवण. टस्कनीच्या पावात मीठ नसतं. पहिला घास अळणी लागतो. मग त्यावर मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज येतं, खारट आणि थोडं तिखटसर, आणि पाव असा का, ते जिभेला कळतं. घामाने अंगातलं मीठ गेलेलं असताना ही जोडी दुसऱ्या कशालाही मागे सारते.

(ला फोचे. सायप्रसची नागमोडी वाट, संपूर्ण शांत चौकट.)

हा रस्ता तुम्ही कॅलेंडरवर पाहिलेला असेल. वाटतो मध्ययुगातला, पण आहे गेल्या शतकातला. आन्तोनिओ आणि आयरिस ओरिगो या दांपत्याने 1924 साली ला फोचेची ही उजाड इस्टेट घेतली, माती अडवली, शाळा आणि दवाखाना काढला. ही वळणं आणि ही झाडंही त्यांच्याच काळातली. इथलं काहीही आपोआप झालेलं नाही. प्रत्येक वळण कुणीतरी आखलं आहे, म्हणून ते पुसायचं की ठेवायचं हाही माणसांनीच घ्यायचा निर्णय आहे. आमचं मत स्पष्ट आहे. ते ठेवावं.

(मोन्तोने. सूर्यघड्याळ.)

इथून गाडीने दीड-दोन तासांवर, शेजारच्या उंब्रिया प्रांतात, टायबर नदीचं वरचं खोरं. टेकड्या अशाच, झाडी जास्त. 10 जुलै 1944 रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले नाईक यशवंत घाडगे या डोंगरांत लढले. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले. ते एकटेच धावत गेले, ग्रेनेडने मशिनगन बंद पाडली, काडतुसं बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि 2023 पासून इथल्या मोन्तोने गावात त्यांच्या नावाचं हे सूर्यघड्याळ.

(पुन्हा गायोले. तपकिरी पाटी.)

लेरोइकाचा मार्ग शर्यतीपुरता नाही. तो वर्षभर खुला असतो, वाटेत अशा पाट्या आहेत. पूर्ण फेरी दोनशे किलोमीटरच्या वर जाते, पण हवा तो तुकडा निवडता येतो आणि माउंटन बाइक चालते. एप्रिल, मे किंवा सप्टेंबर धरा. टायर ट्यूबलेस असू द्या, एक ट्यूब तरी पिशवीत ठेवा. पाऊस झाला तर एक दिवस थांबा, माती सुकू द्या. समोरून ट्रॅक्टर आला तर बाजूला उतरून उभे राहा. रस्ता आधी त्याचा आहे.