गाडी चढावर दम का सोडते?

नमस्कार श्रोतेहो. गॅरेजच्या दारात दिवसातून एकदा तरी कानावर येतं, "भाऊ, गाडीमा दमच नही ऱ्हायना." हे ऐकून मी लगेच बॉनेट उघडत नाही. आधी विचारतो, दम कधी जातो? रिकामी असताना, की माल भरल्यावर? निघाल्यापासून, की दहा-वीस किलोमीटर चालल्यावर? महिनाभर हळूहळू गेला, की एका दिवसात? चालक नीट बोलला तर अर्धं काम तिथंच होतं.

मागच्या वैशाखात अमळनेरचा एक चालक आला. चोपड्याची केळी भरून तो नाशिकला जायचा. धुळं ओलांडलं की लळिंगचा घाट लागतो. तिथं गाडी दुसऱ्या गिअरलाही चढेना, मागून काळा धूर. सपाटीवर मात्र तक्रार नाही. आधी एका ठिकाणी इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बदलून झाले होते, मोठं बिल भरून झालं होतं, आणि गाडी होती तशीच.

काळा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पण ते जाळायला हवा पुरत नाही. म्हणून हवेची वाट धरली. एअर फिल्टर काढला. शेतरस्त्याची धूळ होती, पण दम कोंडण्याइतकी नव्हती. त्याच्या पुढे टर्बो. तो हवा दाबतो आणि इंटरकूलरमधून, म्हणजे दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीतून, इंजिनात पाठवतो. त्या वाटेवरच्या रबरी होज पाइपावर वरून बोट फिरवलं, कोरडं. खालून फिरवलं तर बोटाला काळं तेलकट लागलं. पाइप दोन्ही हातांनी वाकवला, तेव्हा बोटाच्या पेराएवढी चीर उघडली. गाडी उभी असताना ती मिटलेली. घाटात टर्बोचा दाब आला की उघडायची आणि दाबलेली हवा बाहेर निघून जायची. "चढावर सूं असा आवाज येत होता का?" विचारलं. म्हणाला, "हो ना, आठ दिवसांपासून. मला वाटलं वारा असेल."

उन्हाचाही थोडा वाटा असतो. हवा तापली की विरळ होते. 15 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा जवळपास 10 टक्के हलकी. भुसावळच्या भर दुपारी गाडी किंचित जड वाटली तर ते साहजिक आहे. पण घाटात गाडी थांबायची वेळ नुसत्या उन्हानं येत नाही.

आता डिझेलकडे वळू. जोर मागितला की गाडी गचके खाते, दम तोडते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा बरी चालते, असं असेल तर डिझेल फिल्टर चोंदल्याचा संशय घ्या. ट्रॅक्टरसाठी बॅरलमध्ये डिझेल साठवणाऱ्या शेतकरी बंधूंना माझी कळकळीची विनंती आहे, पावसाळ्यात फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढून बघा. पाणी असेल तर तळाशी वेगळं बसलेलं दिसेल. ते पाणी पंपापर्यंत गेलं तर खर्च फार मोठा.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणीही कमी होतंय, तर गाडी पुढे नेऊच नका.

कधी कधी इंजिन बिचारं ठणठणीत असतं. आरपीएमचा काटा चढतो, आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. चार किलोमीटर चालवून उतरा आणि चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक भाजल्यासारखं तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6, म्हणजे धुराच्या कडक नियमांच्या गाड्यांत काही बिघडलं की पिवळा दिवा लागतो आणि गाडी स्वतःच ताकद आवरून धरते. बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र, म्हणजे स्कॅनर, जरूर लावा, मात्र त्यावरचा कोड तक्रार कुठून आली ते सांगतो. तोच पार्ट खराब आहे असं नाही. डिझेल गाडी रोज गाव ते मार्केट एवढीच फिरत असेल, तर सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमध्ये काजळी साचते. ती जळायला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग चालावी लागते.

तो चिरलेला होज पाइप मी फेकला नाही. गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलाय. नवा पोरगा शिकायला आला की पान्हा देण्याआधी तो पाइप हातात देतो आणि म्हणतो, शोध बरं, हवा कुठून जाते.