शेततळ्यातलं शेवाळ आणि पाण्यातला आवाज

नमस्कार, श्रोतेहो.

उन्हाळा लागला की रावेर-यावलकडचा केळीवाला दोन गोष्टींनी बेजार होतो: ऊन आणि ठिबकात अडकणारं शेवाळ. सँड फिल्टर उघडावा, तर वाळूवर हिरवा बुळबुळीत थर. बॅकवॉश करावा, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुवावी, तर चार दिवसांत पुन्हा तेच. मग कुणीतरी सुचवतं, तळ्यात आवाज सोडणारं यंत्र बसवा, शेवाळ जातं. ऐकणारा म्हणतो, आवाजानंच जायचं असतं, तर विसर्जनाच्या डीजेनं जळगावचा मेहरूण तलाव काचेसारखा व्हायला हवा होता!

डीजेचं आधी उरकून टाकू. हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक सगळा माघारी फिरतो, हजारातला जेमतेम एक हिस्सा आत उतरतो. शेवाळाला त्याचं सोयरसुतक नाही. काठावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आहे, पण तो विषय वेगळा. पाण्यात पडून कुजणारं निर्माल्य मात्र शेवाळाला आयतं खत पुरवतं.

पाण्याच्या आतच उठणाऱ्या आवाजाची गोष्ट निराळी. बोटीचं इंजिन म्हणा, पाणबुडी मोटार म्हणा. तो आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं. त्याचा त्रास मुख्यतः होतो तो शेवाळाच्या आसपासच्या जिवांना. शेवाळ खाते डॅफ्निया, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढी पाणपिसू, आणि तिला खातो मासा. स्टिकलबॅक नावाच्या छोट्या माशावरचा एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. गोंगाट सुरू असताना या माशांचे पाणपिसवांवरचे नेम चुकू लागले. आता हिशेब करा: मासा चुकला की पिसवा वाचल्या, पिसवा वाढल्या की शेवाळ घटायला हवं! उलट आवाजानं पिसवाच मेल्या, तर शेवाळाला रान मोकळं. म्हणून ‘गोंगाटानं शेवाळ वाढतं’ असं कुणी ठासून सांगितलं, तर मी तरी मान डोलावणार नाही. त्या पाण्यात कोण कुणाला खातं, हे आधी बघावं लागतं.

राहिलं ते यंत्र. त्याचा आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा, म्हणजे अल्ट्रासाउंड. काही निळ्या-हिरव्या शेवाळांच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर ती उजेडाकडे वर तरंगतात. अल्ट्रासाउंडनं त्या पोकळ्या फुटल्या की शेवाळ तळाशी बसतं, अंधारात त्याची वाढ खुंटते. पण हाताला गुंडाळी येईल असं धाग्यांचं हिरवं शेवाळ तळ्यात असेल, तर त्यात या पोकळ्याच नसतात. तिथं पैसे घालण्यापूर्वी विचार करा.

तोवर फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या ओढपाइपाच्या टोकाची झडप, अगदी वरही ठेवू नका नि तळाशीही टेकवू नका. वर तवंग असतो, खाली गाळ. मधलं पाणी ओढा. तळ्यावर शेडनेट टाकता आलं तर उत्तमच, कारण उजेड तुटला की दोन्ही जातींचं शेवाळ अडतं.