संहितेच्या तीन प्रती

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीला एक विनंती करतो. माझ्या डाव्या बाजूला उभ्या असलेल्या ताई माझं बोलणं भारतीय सांकेतिक भाषेत सांगताहेत. पहिल्या दोन रांगा त्यांच्याकडे बघताहेत. त्या रांगा आणि ताई यांच्या मधून कुणी ये-जा करू नका, अगदी मला पाणी आणून द्यायलासुद्धा. तुम्ही दोन पावलं चालता आणि तिकडं पन्नास माणसांचं वाक्य तुटतं. आणि टाळ्या द्यायच्या असतील तर दोन्ही हात वर करून पंजे हलवा. हां, असेच! सोलापूरकरांना हे शिकवावं लागत नाही. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, अक्षता टाकायला सगळं गाव हात वर करतं.

पत्रिकेत विषय छापलाय ‘शब्दांशिवाय नाटक कसं रचतात’. तिकडं येतोच. पण आधी अण्णांबद्दल सांगू द्या, कारण मला जे काही कळलंय ते त्यांच्या खाटेपाशी कळलंय.

अण्णा म्हणजे आमचे वडील. जन्मापासून कर्णबधिर. साखर पेठेत एका कारखान्यात यंत्रमागावर चादरी विणायचे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ती शेड बघितली असेल. दहा-बारा माग एकदम चालू झाले की शेजारच्या माणसाच्या कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू जात नाही. मग सगळेच हातानं बोलतात. कांडी संपली, धागा तुटला, चहा आला, मालक आला. तिथं पद्मशाली होते, लिंगायत होते, मोमीन होते. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू सगळ्या भाषा दाराबाहेर चपलांबरोबर राहायच्या. आत सगळ्यांत सफाईनं बोलणारा माणूस म्हणजे अण्णा. रस्त्यावर ज्यांना लोक ‘मुका’ म्हणून हाक मारायचे, त्यांच्याकडून शेडमधली माणसं बोलायला शिकायची. मागाच्या चौकटीवर तळहात ठेवला की धोटा कुठं अडखळतोय हे अण्णांना कळायचं, आणि मालक दुरुस्तीवाल्याच्या आधी त्यांना बोलवायचा.

आता एक नीट सांगतो, कारण इथं गफलत होते. शेडमधले हातवारे म्हणजे भाषा नव्हे. त्या पन्नास-साठ खुणा, कामापुरत्या. भाषा आमच्या घरी होती. सुटीच्या दिवशी अण्णांचे कर्णबधिर मित्र यायचे, आई चहा आणि शेंगाचटणी-भाकरी ठेवायची, आणि दोन खोल्यांत जे बोलणं चालायचं त्यात राजकारण होतं, भावकीची भांडणं होती, चहाड्या होत्या. विल्यम स्टोकी या अमेरिकन अभ्यासकानं १९६० साली लिहून दाखवलं की सांकेतिक भाषेला हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांची पक्की घडण असते, शब्दाला जशी ध्वनींची असते. आमच्या घरात हे सिद्ध करावं लागलं नाही.

गड्डा संपला की मित्र अण्णांना आग्रह करायचे, नंदीध्वज सांग, म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीत तोलून नेतात ती उंच काठी. सांग म्हणजे दाखव.

अण्णा खाटेच्या कडेला बसायचे, जागचे उठायचे नाहीत. आधी ते नंदीध्वज धरणारा मानकरी व्हायचे. छाती भरलेली, दोन्ही मुठी कमरेशी एकावर एक, ओठ घट्ट, मानेची शीर वर आलेली. मग एकदम उजवा हात कोपरापासून उभा, बोटं मिटलेली. तो झाला नंदीध्वज. आणि चेहरा कोरा, कारण लाकडाला कुठला भाव? तो हात एका बोटाएवढा डावीकडे कलायचा आणि त्याच क्षणी डोळे मोठे व्हायचे. आता ते गर्दीतलं, बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर. पुन्हा मुठी. भुवईतून घामाचा थेंब निघाला, म्हणजे करंगळीचं टोक भुवईवरून गालावर, गालावरून हनुवटीवर, इतक्या सावकाश की आम्ही श्वास धरून बसायचो. मानकऱ्याला तो पुसता येत नाही, हात मोकळे नाहीत. थेंब पडला. हात सरळ झाला. नंदीध्वज तोलला गेला. मग आमच्या घरात सगळे पंजे हवेत.

गोष्ट मिनिटभराची. तीत ‘मानकरी’ हा शब्द नाही, ‘घाम’ हा नाही, ‘भीती’ हा नाही. शब्द म्हणून वापरलेली एकही खूण नाही.

पुढं फार वर्षांनी कळलं की जगात याला ‘व्हिज्युअल व्हर्नाक्युलर’ म्हणतात आणि बर्नार्ड ब्रॅग या अमेरिकन कर्णबधिर नटाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. ब्रॅगचे आईवडीलही कर्णबधिर. १९५६ मध्ये तो पॅरिसला मार्सेल मार्सोकडे मूकाभिनय शिकायला गेला. मूकाभिनयात नट रंगमंचभर फिरतो, नसलेली भिंत चाचपतो, नसलेल्या वाऱ्याशी झुंजतो. माणूस एकच राहतो, जग त्याच्याभोवती उभं राहतं. ब्रॅगच्या प्रकारात नट जवळजवळ जागेवरच असतो. माणूस तोच, भिंत तोच, वारा तोच. आणि सिनेमासारखं आता जवळून, आता लांबून, आता वरून, आता सावकाश. म्हणून आमच्या नाट्यगटातल्या कर्णबधिर मुलांच्या कामाला कुणी ‘मूकनाट्य’ म्हणालं की मी दर वेळी दुरुस्त करतो. मूक तिथं कुणीच नसतं.

आणखी एक, नाट्यशिक्षकांसाठी. आपण मुलांना पाठ करून घेतो की जिथं हात तिथं दृष्टी, जिथं दृष्टी तिथं मन. नर्तकासाठी ते खरं आहे. पण आता पहिल्या रांगेकडं बघा. ही मंडळी ताईंच्या हातांकडं बघताहेत का? नाही. चेहऱ्याकडं बघताहेत. हात त्यांना नजरेच्या कडेनं दिसतात. भुवई वर गेली की प्रश्न, गाल फुगले की मोठेपणा. व्याकरणाचा मोठा भाग चेहऱ्यावर असतो. ज्या दिग्दर्शकाला हे ठाऊक नाही तो हातांवर प्रकाश टाकतो आणि चेहरा अंधारात ठेवतो. मी स्वतः बघितलंय.

अण्णांना शाळेत मात्र हात मांडीखाली दाबून बसायला लावायचे. हात बाहेर आला की पट्टी. ओठ वाचा, तोंडानं बोला. शाळेचं नाव घेत नाही, त्या काळी बहुतेक ठिकाणी असंच होतं. त्याचं मूळ फार लांब आहे. सप्टेंबर १८८० मध्ये इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधी, त्यांत कर्णबधिर एक. ठराव झाला की शिक्षण तोंडी पद्धतीनंच द्यावं. हात शाळेबाहेर गेले. आणि तारखा बघा. पुढच्याच महिन्यात, ३१ ऑक्टोबर १८८० ला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ उभं राहिलं. मराठी रंगभूमीला गळा सापडला त्याच सुमारास तिकडं हातांची जीभ कापली गेली. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही मला त्या एकत्र आठवतात, कारण आपलं नाटक कानानं वाढलं. पद, मग स्वगत, मग टाळीचं वाक्य. मला ते सगळं प्रिय आहे. पण ‘नाटक बघायला’ जाणारा आपला प्रेक्षक आजही डोळे मिटून मान डोलावतो. मिलानचे ठराव चुकीचे होते हे त्याच परिषदेनं व्हँकुव्हरला २०१० मध्ये मान्य केलं. तेव्हा अण्णा नव्हते.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या गटानं एका स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं. गट सात जणांचा, सगळे कर्णबधिर. दिग्दर्शिका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते. नाटक भारनियमनावर होतं, नायिका मागावर काम करणारी कर्णबधिर मुलगी. रात्रपाळीत वीज जाते. ऐकणाऱ्या कामगारांना शांतता होते. नायिकेच्या पायाखालची जमीन मेल्यासारखी होते, कारण मागांची थरथर थांबते. आणि अंधारात तिचं बोलणंच बंद होतं.

प्रवेशिकेत अट होती, संहितेच्या तीन प्रती जोडाव्यात. मी फोन केला, नाटकात संवाद नाहीत. पलीकडचे गृहस्थ भले होते. म्हणाले, “काहीतरी लिहून द्या की ओ, फाईलला लागतंय.” मी तीन रात्री बसून चौदा पानं लिहिली. ‘ती मागाजवळ जाते. वीज जाते. ती घाबरते.’ लिहून झाल्यावर दिग्दर्शिकेला सगळं खुणांनी सांगितलं. तिनं शेवटपर्यंत बघितलं आणि विचारलं, माग कुठं आहे? मी म्हटलं, हे काय, लिहिलंय ना, ती मागाजवळ जाते. ती म्हणाली, “नाटकात ती मागाजवळ जात नाही. ती माग होते.”

चौदा पानं तिथंच मेली. आम्ही पेनड्राइव्हवर तालमीचं चित्रीकरण पाठवलं, तीन प्रती. अपूर्ण अर्ज म्हणून परत आलं. शेवटच्या दिवशी मी तीच चौदा पानं झेरॉक्स करून जोडली. ती खोटी आहेत हे माहीत असताना जोडली, याचं आजही वाईट वाटतं. अर्ज मंजूर झाला. प्रयोग झाला. परीक्षकांच्या कागदावर शेरा आला: ‘संहिता कमकुवत.’ आणि एक उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र, त्यावर लिहिलेलं, ‘ऐकू येत नसतानाही केलेल्या उल्लेखनीय कामगिरीबद्दल’. दिग्दर्शिकेनं मला ते वाचून दाखवायला लावलं. मग विचारलं, “इतरांच्या कागदावर ‘ऐकू येत असतानाही’ लिहिलंय का?” मला उत्तर देता आलं नाही. ते प्रशस्तिपत्र अजून माझ्या कपाटात आहे, तिनं नेलं नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता दहा मिनिटांत.

तर असं नाटक रचतात कसं? आधी चित्र, मग क्रम. आमच्या तालमीत पहिला प्रश्न असतो, काय दिसतं, किती जवळून, आणि कुणाच्या डोळ्यांतून. अण्णांनी मानकरी, काठी, पोर, थेंब या क्रमानं सांगितलं. क्रम बदलला तर गोष्ट बदलते. मुलं तो क्रम भिंतीवर रेखाटनांनी लावतात. आमची संहिता म्हणजे ती भिंत.

प्रवेशाचा इशारा कानानं मिळत नाही, म्हणून कुणी कुणाला पाठ करून उभं राहत नाही. श्वास, खांदा, फळ्यांवरचा पाय, यावर वेळ जमते. लाकडी मंच असला तर आम्हाला सोन्यासारखा. सिमेंटच्या ओट्यावर पाय आपटून काही पोचत नाही. कपडे गडद आणि बिनछापाचे. एकदा सोलापूरचा अभिमान म्हणून नायिकेच्या खांद्यावर चौकटींची, मोराची चादर टाकली. तिचे हात त्या नक्षीत हरवून गेले, मागच्या रांगेला एक अक्षर दिसेना. तेव्हापासून चादर मंचावर येते, पण घडी घालून.

भरतानं अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. आपण वाचिक काढलं की नाटक लंगडं झालं म्हणतो. माझं म्हणणं आहे, इथं काहीच काढलेलं नाही. वाचिक अंगातच आहे. म्हणून असं नाटक कर्णबधिरानंच रचावं. ऐकणारा दिग्दर्शक, कितीही प्रेमळ असला तरी, आधी मनात वाक्य करतो आणि मग त्याचे हात करतो. मी केलं तेच, चौदा पानं. अमेरिकेत १९६७ ला नॅशनल थिएटर ऑफ द डेफ उभं राहिलं, ब्रॅग त्याच्या संस्थापकांपैकी. पॅरिसजवळ व्हॅन्सेनला १९७६ मध्ये इंटरनॅशनल व्हिज्युअल थिएटर सुरू झालं, अल्फ्रेडो कोराडो हा कर्णबधिर कलावंत त्याच्या मुळाशी. लंडनच्या ‘डेफिनिटली थिएटर’नं २०१२ ला ग्लोब या नाट्यगृहात शेक्सपिअरचं अख्खं नाटक ब्रिटिश सांकेतिक भाषेत केलं. शब्दांच्या त्या राजाच्या घरात. तिन्हीकडं कर्णबधिर माणूस रचणाऱ्यांत होता, नुसता मंचावर नव्हता.

आपल्याकडं २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेली माणसं पन्नास लाखांवर नोंदली गेली. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश केला, तोही व्हिडिओत, कारण या भाषेला कागदावर लिहिण्याची रुळलेली लिपी नाही. सरकारी कोश व्हिडिओत चालतो, मग नाटकाची संहिता का चालू नये? स्पर्धांच्या प्रवेशिकेत ‘संहिता’ या शब्दापुढं ‘अथवा चित्रफीत’ एवढे दोन शब्द घाला. सभागृहात नाट्य परिषदेचे पदाधिकारी बसलेत, त्यांच्याकडं बघून बोलतोय. आणि परीक्षकांत एक तरी कर्णबधिर माणूस बसवा.

चिठ्ठी दुसरी आली. मुलं विंगेत उभी आहेत, मला दिसताहेत.

तेच भारनियमनाचं नाटक, पंचवीस मिनिटांचं. प्रकाशवाले दादा, अंधाराच्या जागी चेहऱ्यापुरता दिवा ठेवा, ठरलंय तसं. सभागृहातले बाजूचे दिवे चालू राहू द्या, म्हणजे या दोन रांगांना आपसात बोलता येईल. पहिल्या प्रवेशात माग कुठं आहे ते शोधत बसू नका. मधल्या मुलीकडं बघा.