एकोणीसचा अठरा

नमस्कार, श्रोतेहो. साताऱ्याकडच्या काही गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक जुनी संगमरवरी पाटी दिसते. मजकूर इंग्रजी, दोनच ओळींचा: या गावातून इतके जण 1914-1919 च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही, नुसता आकडा.

त्या 1919 ची एक गंमत आहे. एका गावात पारायणाआधी चावडी रंगवायला काढली. पोरांनी पाटी वाचली, शाळेचं पुस्तक उघडलं, तर युद्ध 1918 ला संपलेलं! इंग्रजांची चूक सुधारू म्हणून पेंटरला गाठलं. त्यानं काळ्या ऑइलपेंटनं इंग्रजी नवाची शेपटी वळवून वर मिळवली. झाला आठ. गाव खूश. दोन पावसाळे गेले आणि शेपटीचा रंग पोपडा होऊन पडला. खाचेतला रंग टिकतो, घोटीव दगडावरचा टिकत नाही. पुन्हा नऊ! आणि खरं तर चूक नव्हतीच. 11 नोव्हेंबर 1918 ला बंदुका थांबल्या, जर्मनीशी तह झाला 28 जून 1919 ला. पाटीनं तहाचं वर्ष धरलंय.

म्हणून पाटीला हात लावण्याआधी ठसा घ्या. पातळ कागद चिकटपट्टीनं ताणून बसवा, पेन्सिल आडवी धरून घासा, अक्षरं उमटतात. मग साधं पाणी आणि मऊ ब्रश. ॲसिड नको, फरशीला चालतं म्हणून इथं चालत नाही, संगमरवर त्यात विरघळतो. रंग फक्त खाचेत भरा, बाहेर आलेला ओला असतानाच पुसा. आधी ठसा, मग पाणी, रंग शेवटी.

नावं घालायचीत? जुन्या पाटीवर कोरू नका, खाली वेगळा दगड बसवा. आपला काळा पाषाण उत्तम. चकचकीत ग्रॅनाइटवर उन्हात स्वतःचंच तोंड दिसतं, आणि वर्गणीदारांची यादी हुतात्म्यांपेक्षा लांब कशाला हवी? असो.

नावं अकारविल्हे, हुद्द्याप्रमाणे नकोत. लष्करी कागदात नाव इंग्रजीत असतं, त्यामुळे काळे आणि काले, दोन्ही एकच दिसतात. पाथरवटाला कागद देण्याआधी यादी प्रत्येक घरी मोठ्यानं वाचून दाखवा, बापाच्या नावासकट. मगच टाकी लागू द्या.