एकट्या गांबाचे संगीत

श्रोतेहो,

1685 साली पॅरिसमध्ये द माशी नावाच्या वादकाने व्हायोला दा गांबा या गजाने वाजवायच्या तंतुवाद्यासाठी रचलेल्या आठ सुईट्सचा, म्हणजे छोट्या नृत्यरचनांच्या मालिकांचा, संग्रह छापला. या वाद्यासाठी लिहिलेल्या एकल रचनांचे फ्रान्समध्ये छापलेले हे पहिले पुस्तक. त्याच्या प्रस्तावनेत द माशी म्हणतो की गांबावर नुसती एकेरी धून वाजवणे हे हार्प्सिकॉर्ड हे कीबोर्डचे वाद्य एकाच हाताने वाजवण्यासारखे आहे. ते कानाला गोड लागेल, पण त्याला हार्प्सिकॉर्डवादन म्हणता येणार नाही. दोनच वर्षांनी झाँ रुसो या दुसऱ्या वादकाने आपल्या ग्रंथात नेमकी उलट बाजू घेतली आणि धून गाण्याची या वाद्याची ताकद पुढे केली. वाद चांगलाच पेटला. माझे आज तुमच्यापुढे म्हणणे असे आहे की गांबाचे एकल संगीत कसे ऐकावे, याची किल्ली या वादातच आहे: हे वाद्य एका वेळी गातेही आणि स्वतःची साथही करते, आणि प्रत्येक मोठ्या रचनाकाराने या दोन कामांचा मेळ आपापल्या परीने घातला आहे.

हा मेळ शक्य होतो तो वाद्याच्या बांधणीमुळे. गांबा दिसायला चेलोसारखी असली, तरी ती व्हायोलिनच्या कुळातली नाही. तिला सहसा सहा तारा असतात, फ्रान्समध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात खर्जाची सातवी तार आली. तारा तातीच्या आणि ताण कमी. मानेभोवती तातीचेच पडदे बांधलेले असतात, त्यामुळे बोटाने दाबलेला सूरही मोकळ्या तारेसारखा खुला वाजतो. वाद्य दोन्ही पोटऱ्यांमध्ये धरतात, आणि गज हाताचा तळवा वर करून धरतात. या पकडीत मधले बोट गजाच्या केसांवर टेकलेले असते, त्यामुळे वाजवता वाजवताच केसांचा ताण कमीजास्त करता येतो. व्हायोलिनवर जोरकस आघात गज ओढताना येतो, गांबावर तो गज आत ढकलताना येतो, आणि त्यामुळे सुराची सुरुवातच निराळी होते. क्रिस्टोफर सिम्पसन या इंग्रज गांबावादकाच्या 1659 सालच्या ग्रंथात डाव्या हातासाठी एक नियम आहे: तारेवर टेकवलेले बोट पुढचे सूर वाजत असतानाही, उचलण्याची गरज पडेपर्यंत तिथेच राहू द्यावे. एकल गांबा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जो भरलेपणा जाणवतो, दोन वाद्ये वाजत आहेत की काय असा जो भास होतो, त्याचे बरेचसे श्रेय या साध्या शिस्तीला आहे. आधीचा सूर अजून विरत असतो आणि नवा त्याच्यावर येऊन बसतो.

या परंपरेची इंग्लंडमधली एक सुरुवात टोबायस ह्यूम या सैनिकाने केली. त्याचा संग्रह 1605 साली लंडनमध्ये छापला गेला, आणि गांबा ही ल्यूट या छेडून वाजवायच्या तंतुवाद्याच्या तोडीची आहे असा त्याने उघड दावा केला, जो ल्यूटवादक जॉन डाउलंडला अजिबात रुचला नाही. ह्यूमच्या एका रचनेत गजाच्या पाठीने, म्हणजे लाकडाने, तारांवर ठोके देण्याची सूचना लिहिलेली आहे. त्याच्या रचना छोट्या आणि ओबडधोबड आहेत, पण त्यांतला मनमोकळेपणा मला फार आवडतो.

फ्रेंच गांबावादक मारँ मारे मात्र वेगळ्याच उंचीवर उभा आहे. 1686 ते 1725 या काळात त्याने पाच पुस्तके छापली आणि त्यांत जवळजवळ सहाशे रचना आहेत. पहिले पुस्तक 1686 साली आले, आणि त्याच्या साथीच्या खर्जाचा भाग तीन वर्षांनी, 1689 साली छापला गेला. मधल्या काळात ज्यांनी ते पुस्तक विकत घेतले, त्यांच्या हाती एकट्या गांबाचाच भाग होता. आजही काही वादक मारेच्या निवडक रचना साथीशिवाय वाजवतात, आणि त्या कुठेही रोडावत नाहीत. तिसऱ्या पुस्तकात त्याने एक चिन्ह वापरले आहे, ‘e’ हे रोमन अक्षर. ते दिसले की सूर गजाने फुगवायचा. सूर नेमका कुठे फुगवायचा, कुठे बोट घासत न्यायचे, कंप एका बोटाने द्यायचा की दोन बोटांनी, हे सगळे त्याने लिहून ठेवले. कागदावर इतका जिव्हाळ्याने लिहिलेला सूर त्या काळात मला दुसरीकडे क्वचितच दिसतो.

दुसऱ्या पुस्तकात, म्हणजे 1701 साली छापलेल्या, ‘फोलिया’ या जुन्या स्पॅनिश धुनेवर त्याने बत्तीस कडवी रचली आहेत. खर्जाचा आराखडा शेवटपर्यंत तोच राहतो. एका कडव्यात जाड स्वरगुच्छ येतात, दुसऱ्यात धून वरच्या तारेवर एकटीच चालते, तिसऱ्यात गज तारांवरून इतका झपाट्याने फिरतो की धून आणि साथ वेगळी काढताच येत नाही. द माशी आणि रुसो यांचे भांडण इथे एकाच वाद्यावर मिटलेले ऐकू येते. त्याच पुस्तकात मारेने आपला गुरू सँत-कोलॉम्ब याच्या स्मृतीसाठी रचलेला शोकगीताचा तुकडा आहे, आणि तो ऐकल्याशिवाय मारे पुरता कळला असे मी मानणार नाही.

लोकांना कुतूहल असते ते त्याच्या 1725 सालच्या मूतखड्याच्या शस्त्रक्रियेच्या रचनेचे. त्यात स्वरलिपीवरच ओळी लिहिल्या आहेत: उपकरण पाहून अंगावर येणारा काटा, त्यावर चढण्याचा निश्चय, चिरा देणे, खडा ओढून काढणे, आवाज जवळजवळ बसणे, रक्त वाहणे, आणि शेवटी रुग्णाला बिछान्यावर नेणे. भूल नसलेल्या काळातली ही धिटाई मोठीच आहे, परंतु नवख्या श्रोत्याने मारेची ओळख तिथून करून घेऊ नये. तिथे प्रसंग पुढे येतो आणि संगीत मागे पडते.

आंत्वान फोर्करे या दुसऱ्या फ्रेंच गांबावादकाच्या रचना त्याच्या मुलाने 1747 साली छापल्या. त्यांत वेग आहे, धाक आहे, आणि डाव्या हाताची कठोर परीक्षा आहे. पण त्या साथीसह वाजवण्यासाठी आहेत, म्हणून आज त्यांच्यावर अधिक बोलत नाही.

आता जर्मनीकडे येऊ. रचनाकार तेलेमानने 1735 साली हॅम्बुर्गमध्ये एकट्या गांबासाठी बारा फँटसिया, म्हणजे मुक्त घडणीच्या रचना, छापल्या होत्या. त्यांचा उल्लेख होता, प्रत मात्र हरवलेली होती. 2015 साली ओस्नाब्रुकच्या सरकारी दप्तरखान्यात, लेडेनबुर्ग वाड्याच्या संग्रहात, ती सापडली आणि पुढच्या वर्षी रचना पुन्हा छापल्या गेल्या. ज्यांच्या घरी त्या टिकल्या, त्या एलेओनोरे फॉन म्युन्स्टर स्वतः कवयित्री आणि गांबावादक होत्या. या रचनांमध्ये साथीला कोणीच नाही. तेलेमान एकाच ओळीत उंच आणि खोल सूर असे आलटून पालटून ठेवतो की दोन माणसे बोलत आहेत असे वाटते. एक ओळ पूर्ण ऐकण्याआधीच आपला कान तिच्यातला दुसरा आवाज शोधू लागतो.

गांबाचे दिवस संपत आले असताना लंडनमध्ये कार्ल फ्रीड्रिश आबेल वाजवत होता. त्याच्या एकल रचनांचे हस्तलिखित आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे. 1787 साली तो गेला, आणि त्यानंतर बराच काळ एकल गांबाला फारशी मैफल मिळाली नाही. नव्याने ऐकू इच्छिणाऱ्यांना मी त्याच्यापासूनच सुरुवात करायला सांगतो: आधी त्याच्या डी मायनरमधल्या रचना, मग तेलेमानच्या फँटसिया, मग मारेची फोलिया, आणि सर्वांत शेवटी द माशी. हे सगळे आवाज कमी ठेवून, लहान खोलीत ऐकावे. मोठ्या सभागृहात सुराचे विरणे ऐकूच येत नाही, आणि या संगीताचा निम्मा भाग त्या विरण्यात आहे.