खर्डा सगळ्या जगाने का वाचावा?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो 'सामायिक लेखन शोधयंत्रांपासून दूर कसं ठेवावं' असा. शोधयंत्र म्हणजे गुगलसारखं, पानं वाचून त्यांची यादी ठेवणारं यंत्र. त्यातलं 'कसं' शेवटी सांगतो. आधी 'का' सांगू द्या, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

तुमच्यातले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या लेखनगटात आहेत. कथेचा कच्चा खर्डा टाकायचा, चार जणांनी वाचायचा, "शेवट गुंडाळलाय" म्हणायचं, की पुन्हा लिहायला बसायचं. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. तालुक्याच्या गावी किंवा परदेशात एकट्याने मराठी लिहिणाऱ्याला दुसरा वाचक मिळतो कुठे? माझं म्हणणं एवढंच, की चार जणांसाठी टाकलेला खर्डा चारच जणांना दिसावा. सध्या बहुतेक ठिकाणी दार सताड उघडं असतं आणि ते लावून घ्या म्हणून लेखकाला विनवावं लागतं. हे उलटं व्हायला हवं. दार लावलेलंच असावं आणि ते कधी उघडायचं ते लेखकाने ठरवावं.

आमच्या गटात एक ताई होत्या. कोकणातल्या पडक्या खोतवाड्यावर त्यांनी कथा लिहिली होती. पहिला खर्डा गटात टाकला, त्यावर आम्ही तुटून पडलो. सासूचं पात्र कागदी आहे, मालवणी संवाद मध्येच पुणेरी होतात, काय काय सांगितलं. बाईंनी मनावर घेतलं. सासू पुन्हा उभी केली, शेवट तीनदा बदलला. तयार झाली तेव्हा कथा अशी होती, की मी ती रात्री वाचली आणि सकाळी पुन्हा वाचली. एका दिवाळी अंकाकडे पाठवली. संपादकांनी पहिली ओळ शोधखिडकीत टाकली आणि समोर आला तो जुना खर्डा, खाली आमच्या सगळ्यांच्या शेऱ्यांसकट. उत्तर आलं: पूर्वप्रकाशित साहित्य आम्ही घेत नाही.

संपादकांना मी दोष देत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वाचक या अंकांकडून नवं लेखन मागत आलाय. ते कायद्याकडेही बोट दाखवू शकतात. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 3 म्हणतं, की प्रती काढून किंवा जनतेपर्यंत पोचवून कृती उपलब्ध करणं म्हणजे प्रकाशन. उघड्या पानावरची कथा त्यात बसत नाही, असं कुठल्या तोंडाने सांगणार? ताईंचा हक्क शाबूत आहे, तो त्यांच्या हयातीनंतरही 60 वर्षं राहील. गेलं ते पहिलेपण.

पुढचं ऐका. ताईंनी गटचालकांना खर्डा काढायला सांगितलं. त्यांनी काढला. तरी कितीतरी दिवस शोधात तो दिसतच होता, कारण शोधयंत्र पुन्हा त्या पानावर येऊन पाहीपर्यंत जुनीच नोंद दाखवतं. तेवढ्यात कुणीतरी तो उचलून नाव काढून पुढे पाठवला होता. ताईंनी गटात लिहिणं थांबवलं. मला संताप येतो तो याचा. शेरे झेलून कथा सुधारणारी बाई आम्ही घालवली आणि त्यात तिची काहीही चूक नव्हती.

आता मराठीला हे जास्त का बाधतं, पाहा. इंग्रजीत लाखो पानांच्या गर्दीत खर्डा दडून राहतो. मराठीत मजकूरच कमी, त्यामुळे दोन-चार वेगळे शब्द टाकले की नेमकं तेच पान वर येतं. गंमत म्हणजे एके काळी आपण आपोआप लपलेले होतो. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीची एकच संकेतपद्धत, येण्याआधी शिवाजी, सुषा असल्या फाँटांत टंकलेलं मराठी यंत्राला रोमन अक्षरांचा चिवडा दिसायचं. कुणाला काही सापडायचं नाही, आपण त्याबद्दल तक्रार करायचो, आणि ती रास्तच होती. युनिकोड आलं, मराठी शोधता येऊ लागली. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पूर्ण झालेली कथा सगळ्यांना सापडलीच पाहिजे.

आणखी एक. आपण नाव लिहितो ते तिपदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. असं नाव दुसऱ्या कुणाचं असणं अवघड. स्थळ बघताना लोक नाव टाकून शोधतात हे इथे कुणाला नवीन नाही. हसताय, म्हणजे तुम्हीही शोधलंय! आता एखाद्या मुलीने घरातल्या मारहाणीवर धीर करून लिहिलेला पहिला मसुदा तिथे सापडला तर? पुढचा मसुदा ती लिहील का?

पाच मिनिटांची चिठ्ठी आली. तेव्हा 'कसं' भराभर.

एक रोबॉट्स-टीएक्सटी नावाची फाइल असते. संकेतस्थळावरची कुठली पानं यंत्रांनी उघडू नयेत, ते तिच्यात लिहितात. मार्टाइन कोस्टर यांनी 1994 साली ही कल्पना मांडली. पुढे विज्ञानकादंबरीकार म्हणून नावाजलेले चार्ल्स स्ट्रॉस सांगतात, की त्यांनी लिहिलेल्या आडदांड यंत्राने कोस्टरांचा सर्व्हर जेरीस आणला, त्यातून ती निघाली. 2022 साली तिला आरएफसी 9309 (इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून रीतसर मानकाचं रूप मिळालं. पण ही बागेतली 'फुले तोडू नयेत' ही पाटी आहे. सभ्य यंत्रं मानतात, बाकीच्यांना कोण अडवणार? एआयसाठी मजकूर गोळा करणाऱ्या ओपनएआयच्या जीपीटीबॉटसारख्या यंत्रांची नावंही तिथे वेगळी लिहिता येतात, तीही याच भरवशावर.

दुसरी गोष्ट 'नोइंडेक्स' ही खूण. पान वाच, पण यादीत घेऊ नकोस, असं ती सांगते. इथे हमखास घोळ होतो. फाइलमध्ये मनाई केली आणि पानावर नोइंडेक्सही लावलं, तर यंत्र पान उघडतच नाही, खूण त्याला दिसत नाही, आणि दुसरीकडून दुवा मिळाला की पत्ता यादीत येऊ शकतो. दोन्ही एकत्र लावू नका. पीडीएफच्या आत ही खूण घालता येत नाही, तिथे सर्व्हरने एक्स-रोबॉट्स-टॅग, म्हणजे फाइलसोबत जाणारी तीच सूचना, पाठवायचा. 2020 साली व्हॉट्सअ‍ॅप गटांचे निमंत्रणदुवे गुगलवर सापडत होते, ते आठवत असेल. तिथेही शेवटी नोइंडेक्सच लावावं लागलं.

खरं कुलूप एकच, ते म्हणजे लॉगिन. यंत्राकडे पासवर्ड नाही, विषय संपला. आतला सदस्य नक्कल करू शकतो, ते कुठलंही तंत्र थांबवणार नाही, त्यासाठी माणसं पारखून घ्या. राइट-क्लिक बंद करून काही होत नाही. कवितेचं चित्र करून टाकणाऱ्यांनो, देवनागरी चित्रातूनही वाचता येते आता.

गटचालकांनो, फीड (नव्या लेखनाची आपोआप जाणारी यादी), साइटमॅप (यंत्रांसाठी ठेवलेली पानांची यादी) आणि दुवा पाठवल्यावर दिसणारा तुकडा, या तीन ठिकाणांहून मजकूर गळतो. ती आधी तपासा. आणि खर्डा निघालाच बाहेर, तर गुगलच्या काढून टाकण्याच्या सोयीने तो साधारण सहा महिनेच दडतो. तेवढ्या अवधीत मूळ पान काढा किंवा त्यावर नोइंडेक्स लावा.

घरी गेल्यावर आपल्या खर्ड्यातलं एक अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधून बघा. सापडलं तर आज रात्रीच गटचालकांना लिहा. आता प्रश्न घेऊ. गट चालवणाऱ्यांनी आधी विचारा.