पॅनेलखालच्या तारा

(लघु माहितीपट : निवेदन)

[दृश्य : नेरुळ, सकाळ. समोरच्या इमारतीवरून दिसणाऱ्या गच्च्या.]

नेरुळ. सिडकोच्या चार मजली इमारती, मध्येच उभे राहिलेले टॉवर आणि पलीकडे ठाण्याची खाडी. या गच्च्यांवर आधी पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना आणि गळती थांबवायला घातलेले पत्रे असायचे. आता त्यांच्या जोडीला काळी-निळी पॅनेल दिसू लागली आहेत.

फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना आली. घरगुती छताला ३ किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांचं अनुदान, सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. कमिटीच्या मीटिंगांमध्ये सोलरचा विषय निघाला, कोटेशनं आली. कोटेशनमध्ये पॅनेलची कंपनी असते, वॉट असतात, इन्व्हर्टरचं (पॅनेलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करणाऱ्या यंत्राचं) मॉडेल असतं, वॉरंटीची वर्षं ठळक अक्षरात असतात. तारांसाठी मात्र एक ओळ असते : ‘केबल व इतर साहित्य’.

ही फिल्म त्या एका ओळीची आहे.

[दृश्य : कॅमेरा पॅनेलच्या खाली शिरतो. वर काच, खाली कोबा.]

वरून पाहिलं तर सगळ्यांची पॅनेल सारखीच. फरक पाहायचा तर खाली वाकावं लागतं. प्रत्येक पॅनेलच्या पाठीमागून दोन तारा बाहेर येतात, एक प्लसची आणि एक मायनसची. एकाची प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडत गेलं की तयार होते स्ट्रिंग. साडेपाचशे वॉटच्या एका पॅनेलच्या मोकळ्या टोकांवर सुमारे ५० व्होल्ट असतात. बारा पॅनेल ओळीने जोडली की ६००. घरातल्या प्लगच्या अडीचपट. आणि सूर्य आहे तोवर पॅनेलला बंद करायचं बटण नाही.

या इमारतीवर अशी २४ पॅनेल बसतायत. १२-१२च्या दोन स्ट्रिंग, मिळून १३ किलोवॅट. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यावर चालणार.

[दृश्य : जवळून. वायरमनचे हात, तार, पिन, क्रिम्पिंग टूल.]

हा एमसी फोर कनेक्टर, दोन तारा जोडणारा. गच्चीवरच्या सगळ्या कामात सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त वेळा येणारा भाग. पाहा.

तारेच्या टोकावरचं आवरण साधारण सात मिलिमीटर सोलायचं. आतला एकही धागा कापला जाता कामा नये. तांब्याचे हे धागे चंदेरी दिसतात, कारण त्यांच्यावर कथिलाचा मुलामा आहे. खारी हवा उघड्या तांब्याला हिरवं करून टाकते, मुलाम्यामुळे ते टळतं. मग पिन. सगळे धागे पिनच्या आत गेले पाहिजेत, एकही बाहेर राहून चालत नाही. पिन टूलच्या योग्य खाचेत ठेवायची. चार स्क्वेअर एमएम जाडीच्या तारेची खाच वेगळी, सहाची वेगळी. आणि दाबायचं, टूल आपोआप सुटेपर्यंत.

[निवेदन थांबतं. टूल सुटल्याचा आवाज. वायरमन हेल्परला : “ओढून बघ रे.” हेल्पर ओढून पाहतो.]

पक्कडीने दाबलेली पिनही पहिल्या दिवशी वीज देते. मल्टिमीटर दोन्हींवर तेच दाखवतो. म्हणून हे ओढून बघणं महत्त्वाचं, आणि खरं टूल त्याहून महत्त्वाचं. मग पिन कनेक्टरच्या घरात ढकलायची. ‘टिक्’ ऐकू आलं पाहिजे. शेवटी मागचं नट, तेसुद्धा कनेक्टरबरोबर येणाऱ्या पान्याने आवळायचं, कारण आतली रबरी सील त्या आवळण्यावरच तारेला घट्ट बसते. जून ते सप्टेंबर पाणी आत जायचं की नाही, हे या नटावर ठरतं.

आणखी एक गोष्ट. पॅनेलबरोबर आलेला कनेक्टर एका कंपनीचा आणि बाजारातून आणलेला दुसऱ्या कंपनीचा, असं करायचं नाही. दोन्ही एकमेकांत बसतात, टिक् असा आवाजही येतो. पण आतल्या धातूची जाडी आणि मुलामा वेगळा असतो, स्पर्श पुरता होत नाही, आणि रोज १३ अँपिअर वाहिले की जोड तापत जातो. या गच्चीवर जोडीतले दोन्ही कनेक्टर एकाच कंपनीचे आहेत. सुपरवायझर पिशवीतून काढून प्रत्येकावरचं नाव वाचतो.

[दृश्य : सुपरवायझर कोब्यावर खडूने आकृती काढतो.]

आता प्रश्न तारा कशा फिरवायच्या हा. सोपी पद्धत सगळ्यांना माहीत आहे : शेजारचं पॅनेल शेजारच्याला, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग शेवटच्या पॅनेलपासून एक लांब तार परत आणायची. तारेचा एक मोठा वेढा तयार होतो. जवळपास वीज कडाडली तर या वेढ्यात क्षणभर उसळी उठते आणि ती थेट इन्व्हर्टरकडे जाते. वेढ्याचं क्षेत्र जितकं मोठं, तितकी उसळी मोठी.

दुसरी पद्धत खडूच्या आकृतीत आहे. एक सोडून एक. पहिलं तिसऱ्याला, तिसरं पाचव्याला, असं जायचं आणि उरलेली जोडत परत यायचं. जातानाची आणि येतानाची तार एकाच वाटेने जाते, प्लस आणि मायनस एकाच टोकाला बाहेर पडतात. वेढा जवळजवळ उरत नाही, आणि परतीची तारही वाचते. अडचण एकच : पॅनेलच्या मागच्या तारा तेवढ्या लांब हव्यात. उभ्या बसवायच्या पॅनेलला बहुधा आखूड तारा येतात, शेजाऱ्यापर्यंत पुरतील एवढ्याच. म्हणून हे पॅनेल मागवतानाच ठरवावं लागतं. इथे ठरवलं होतं. जिथे ठरलेलं नसतं, तिथे सोपी पद्धत वापरून परतीची तार निदान पॅनेल ज्यावर बसतात त्याच रेलच्या खालून, स्ट्रिंगला चिकटून न्यावी. लाखोंच्या इन्व्हर्टरसाठी एवढं नक्कीच करता येतं.

[दृश्य : लिफ्टची मशीन रूम. मग डक्टमध्ये खाली पाहणारा कॅमेरा.]

कमिटीत सर्वांत जास्त वाद झाला तो या डक्टवरून. इन्व्हर्टर खाली मीटर रूममध्ये ठेवायचा आणि डीसी खाली न्यायची? की इन्व्हर्टर वर ठेवायचा आणि एसी खाली न्यायची?

गच्चीपासून मीटर रूमपर्यंत तारेची वाट साधारण ४० मीटर. जाऊन-येऊन ८०. चार स्क्वेअर एमएमची डीसी तार घेतली तर १३ अँपिअरला सुमारे ५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, एक टक्क्याच्या थोडं वर. सहाची घेतली तर साडेतीन व्होल्ट, पाऊण टक्का. आणि एसी नेली, चार कोअरची ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल, तर घट जवळपास तेवढीच. म्हणजे युनिटांच्या हिशोबात फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो इमारतीच्या पोटातून काय जातं याने. या डक्टमध्ये बाथरूमचे पाइप आहेत, ओल आहे, उंदीर आहेत. वरचा आयसोलेटर, म्हणजे डीसी तोडणारा स्विच, बंद केल्याशिवाय डीसी तारेत दिवसभर पाचशेच्या आसपास व्होल्ट राहतात. घरातला एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीला ती मिळत नाही. सैल जोडावर पेटलेला आर्क, म्हणजे सलग ठिणगी, पेटता राहतो आणि त्यातून आगी लागतात.

इथे ठरलं ते असं : इन्व्हर्टर वर, मशीन रूमच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, टाकीच्या सावलीत. डीसी गच्चीवरच राहील. डक्टमधून जाईल फक्त एसी, दोन्ही टोकांना ब्रेकर असलेली. उन्हाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा इन्व्हर्टरला त्रास होतो हे खरं, म्हणून वर पत्र्याची छोटी पडवी केली आहे आणि मागे-बाजूला हवा खेळायला जागा सोडली आहे. चार-सहा मजल्यांच्या जुन्या इमारतींसाठी आम्हाला हीच पद्धत योग्य वाटते. रो-हाउसमध्ये वाट दहा-बारा मीटरचीच, तिथे डीसी बाहेरच्या भिंतीवरून खाली आणली तर चालतं.

[दृश्य : ठाणे. जुन्या बसवणीची गच्ची. जवळून : फुटलेला कंड्युट, पांढरा टाय, पाण्यात पडलेला कनेक्टर.]

ही ठाण्यातली एक गच्ची.

[निवेदन थांबतं. पाच शॉट, आवाज फक्त वाऱ्याचा.]

घरात भिंतीतून जातो तो साधा पीव्हीसी कंड्युट, तारांची नळी. उन्हाला तो टिकत नाही. ठिसूळ होतो, हात लावला की तुकडा निघतो. पांढरे नायलॉन टाय तर त्याहून लवकर तुटतात. टाय तुटला की तारा वाळत घातलेल्या दोरीसारख्या लोंबतात, वाऱ्याने पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या कडेवर घासत राहतात. पॅनेल मात्र अजून नवी दिसतात.

[दृश्य : पुन्हा नेरुळ. केबल ट्रे बसवताना.]

इथे काय वापरलंय ते सावकाश पाहू. पॅनेलखाली तारा रेलला स्टीलच्या क्लिपने पकडल्या आहेत, कोब्याला कुठेही टेकलेल्या नाहीत. ओळीतून बाहेर पडल्या की जाळीदार ट्रे, गरम जस्तात बुडवून काढलेला, वर झाकण. ट्रे कापला की कापलेल्या कडेवर झिंकचा हात मारला जातो, नाहीतर खाडीचा वारा गंज तिथूनच सुरू करतो. कडेवरून तार जाते तिथे रबरी पट्टी. स्ट्रिंगच्या तारा जिथे येतात त्या डीसी डबीत शिरते तिथे खालून, ग्लँडमधून, म्हणजे तार घट्ट धरणाऱ्या तोंडातून. आणि डबीच्या आधी तारेला एक झोळ दिलाय, पाणी तिथूनच टपकून जावं म्हणून. जिथे टाय हवाच तिथे काळा, उन्हाला टिकणारा.

तार हातात घेतली तर तिच्यावर छापलेलं वाचता येतं : आयएस १७२९३. सोलरच्या डीसी तारांसाठी २०२०मध्ये आलेलं भारतीय मानक, १५०० व्होल्ट डीसीपर्यंतचं. साधी घरगुती वायर लाल-काळी असली तरी ती ही नाही. कमिटीतल्या कुणालाही गच्चीवर जाऊन हे छापलेलं वाचता येतं, त्यासाठी इलेक्ट्रिशियन असावं लागत नाही.

[दृश्य : खारघर. रो-हाउस, नारळाची सावली पॅनेलवरून सरकताना.]

खारघरचं हे रो-हाउस. सहा पॅनेल, एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला नारळ. सकाळी दोन पॅनेल सावलीत, दुपारनंतर दुसरी दोन. इथे वेगळी पद्धत निवडली आहे : मायक्रोइन्व्हर्टर. प्रत्येक पॅनेलच्या पाठीशी लहानसा इन्व्हर्टर, तिथेच डीसीची एसी होते. डीसीची लांबी हातभर, दाब ५० व्होल्टच्या आसपास. छतावरून खाली येते ती २३० व्होल्टची एकच केबल, आणि महावितरणची लाइन गेली की तीही मृत. सावलीतलं पॅनेल बाकीच्यांना मागे ओढत नाही. खर्च जास्त, आणि बिघाड झाला तर दुरुस्ती छतावर, पॅनेल उचलून. मोकळ्या, सावली नसलेल्या गच्चीवर याची गरज नाही. इथे आहे.

[दृश्य : नेरुळ. अर्थिंगचे खड्डे, पट्ट्या.]

अर्थिंग तीन वेगळी : एक पडलेली वीज जमिनीत नेणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरचं, एक पॅनेल आणि सांगाड्याचं, एक एसी बाजूचं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला उघडं तांबं थेट लावलेलं नाही. खाऱ्या दमट हवेत हे दोन धातू एकमेकांना खातात. मध्ये कथिलाचा मुलामा दिलेला लग (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) आणि स्टेनलेसचा बोल्ट आहे.

[दृश्य : दुपार. मल्टिमीटरचा पडदा.]

जोडण्याआधीची तपासणी. पहिली स्ट्रिंग ५५२. दुसरी ५५०. कागदावर ६०० होते; पॅनेल तापली की दाब उतरतो, आत्ता दुपारचे दोन वाजलेत. दोन्ही स्ट्रिंगचे आकडे एकमेकांजवळ आहेत, हे पाहायचं असतं. प्लस-मायनसची खात्री झाली. मग मेगर, आवरणाची तपासणी करणारं यंत्र : तारेचं आवरण कुठे सोललं गेलं असेल तर इथे कळतं. कुठेही नाही. घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा नेट मीटर महावितरणने आधीच बसवलाय. इन्व्हर्टर सुरू होतो.

[दृश्य : सेक्रेटरी, गच्चीवरची पहिली मंडळी. निवेदन नाही.]

[दृश्य : डीसी डबीच्या दाराच्या आतली बाजू. लॅमिनेट केलेला नकाशा.]

डबीच्या दाराला आतून नकाशा चिकटवलाय : कुठलं पॅनेल कुठल्याला जोडलंय, तारा कुठून गेल्यात, आयसोलेटर कुठे आहे. दुसरी प्रत सोसायटीच्या फाइलमध्ये. उद्या ठेकेदार बदलला, वायरमन बदलला, तरी नव्या माणसाला पॅनेल उचलून शोधत बसावं लागणार नाही.

देखभालीच्या करारात सहसा पॅनेल धुण्याचंच लिहिलेलं असतं. इथे त्याच्या आधी चार कलमं तारांची आहेत. दर वर्षी पाऊस संपला की ऑक्टोबरात सगळे कनेक्टर, तापलेला जोड दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यातून पाहायचे. तुटलेले टाय आणि क्लिपा बदलायच्या. डब्यांतले स्क्रू आवळायचे, ग्लँड तपासायचे. अर्थिंगचं माप घेऊन रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि त्यावर ठेकेदाराबरोबर सेक्रेटरींचीही सही.